विश्लेषण : ‘सीसीएनए’साठी नेमके काय यायला हवे? दोंडाईचात राहून तयारी शक्य आहे का?

पदवी-पदविकेचे निकाल लागले की दोंडाईचा, शिंदखेडा, शिरपूरकडच्या मुलांच्या मोबाइलवर नेटवर्किंग कोर्सच्या जाहिराती सुरू होतात. ‘सीसीएनए करा, हमखास नोकरी मिळवा’ असा त्यांचा सूर असतो. बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र किंवा पदविका झालेला मुलगा-मुलगी पुण्याला खोली घेऊन क्लास लावायचा विचार करतात आणि घरात कापसाच्या, मिरचीच्या पैशांचा हिशेब मांडला जातो. क्लासची फी आणि परीक्षेची फी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकांना पैसे भरल्यावर कळते. त्याआधी ही परीक्षा काय आहे आणि तिच्यासाठी काय यावे लागते, ते पाहू.

परीक्षा कोणाची, खर्च किती?

‘सिस्को सर्टिफाइड नेटवर्क असोसिएट’ म्हणजे सीसीएनए. सिस्को ही राऊटर आणि स्विच बनवणारी अमेरिकी कंपनी असून तिने हे प्रमाणपत्र १९९८ मध्ये सुरू केले. सध्याच्या परीक्षेचा क्रमांक २००-३०१ आहे. ती फेब्रुवारी २०२० पासून लागू झाली आणि तिचा अभ्यासक्रम ऑगस्ट २०२४ मध्ये सुधारण्यात आला. वेळ १२० मिनिटे. बसण्यासाठी पदवीची किंवा अनुभवाची अट नाही. वर्षभर कामाचा अनुभव असावा असे कंपनी सुचवते, पण ती सक्ती नव्हे.

फी ३०० डॉलर, कर वेगळा. रुपयांत हा आकडा तीस हजारांच्या घरात जातो. नापास झाल्यास पुन्हा बसताना पूर्ण फी पुन्हा भरावी लागते. म्हणून ‘एकदा देऊन तर बघू’ हा आपल्याकडचा प्रकार इथे परवडणारा नाही.

एवढी उडी एकदम नको असेल त्यांच्यासाठी सिस्कोनेच २०२३ मध्ये ‘सीसीएसटी नेटवर्किंग’ ही खालच्या पायरीची परीक्षा आणली. ५० मिनिटे, १२५ डॉलर. नेटवर्क कसे चालते आणि बिघाड कसा शोधायचा, एवढ्यावर तिचा भर आहे. कॉम्पटिया या संस्थेची ‘नेटवर्क प्लस’ही याच वर्गातली, ती एका कंपनीच्या उपकरणांशी बांधलेली नाही.

अभ्यासक्रमात काय आहे?

सीसीएनएचे सहा भाग आहेत. नेटवर्कचा पाया २० टक्के, स्विच-व्हीलॅन-वायफाय २० टक्के, आयपी राऊटिंग २५ टक्के, डीएचसीपी-नॅटसारख्या सेवा १० टक्के, सुरक्षा १५ टक्के आणि ऑटोमेशन १० टक्के. म्हणजे पहिल्या तीन भागांतच ६५ टक्के वजन आहे. क्लासच्या जाहिरातीत ‘एआय’ आणि ‘क्लाऊड’ मोठ्या अक्षरांत असतात. सुधारित अभ्यासक्रमात एआय आले आहे खरे, पण परीक्षा अडते ती सबनेटिंगवर.

सबनेटिंग का अडते?

आधी आपला मोबाइल घ्या. घरच्या वायफायला जोडून सेटिंगमध्ये आयपी पत्ता पाहा. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. हा खासगी पत्ता. असाच पत्ता शेजारच्या घरातल्या फोनलाही असू शकतो. बाहेर इंटरनेटवर जाताना राऊटर तो बदलून सार्वजनिक पत्ता लावतो, यालाच नॅट म्हणतात. आता वायफाय बंद करून जिओच्या डेटावर पाहिले, तर २४०९ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसेल. तो आयपीव्ही६. दोन्ही प्रकार परीक्षेत आहेत.

आता काम वाढवू. समजा दोंडाईचातल्या एका पतसंस्थेने १९२.१६८.१०.० हे नेटवर्क चार भागांत वाटायचे ठरवले आणि मास्क ठेवला २५५.२५५.२५५.१९२, म्हणजेच /२६. शेवटचा आकडा १९२ हा २५६ मधून वजा केला की ६४ उरतात. म्हणजे ६४-६४ चे चार गट झाले : ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१, १९२ ते २५५. प्रत्येक गटातला पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा. वापरायला उरले ६२.

काउंटरवरच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१०.७७ आहे. तो दुसऱ्या गटात बसतो, म्हणून त्याचा गेटवे ६५ ते १२६ मधलाच हवा. कोणी सवयीने गेटवे १९२.१६८.१०.१ टाकला, तर काय होईल? ८० क्रमांकावरचा प्रिंटर व्यवस्थित चालेल, कारण तो त्याच गटात आहे. इंटरनेट मात्र चालणार नाही, कारण बाहेर जाण्याचे दारच दुसऱ्या गटात आहे. वायर ठीक, स्विचचे दिवे लुकलुकतात, तरी काम बंद. अशी तक्रार सोडवता येणे म्हणजे सबनेटिंग येणे. परीक्षेत हे गणित कॅल्क्युलेटरविना, मिनिटाभरात करावे लागते. रोज दहा उदाहरणे महिनाभर हाताने सोडवली तर ते जमते. व्हिडिओ पाहून जमत नाही.

राऊटिंग समजून घेण्याची सोपी वाट

दोंडाईचा सुरत-भुसावळ मार्गावर आहे. इथून गाडी एकतर नंदुरबारकडे जाते, नाहीतर जळगावकडे. समजा स्थानकावरच्या पार्सलवाल्याकडे दोनच नोंदींचा तक्ता आहे : ‘महाराष्ट्राचे पार्सल जळगावकडे’ आणि ‘नंदुरबार जिल्ह्याचे पार्सल नंदुरबारकडे’. नवापूरचे पार्सल आले. नवापूर महाराष्ट्रातच आहे, म्हणजे दोन्ही नोंदी लागू पडतात. पण जिल्ह्याची नोंद अधिक नेमकी, म्हणून ती जिंकते. राऊटर अगदी असेच वागतो. सर्वांत नेमकी जुळणारी नोंद तो आधी पाहतो. पुण्यापर्यंतचा सगळा रस्ता त्याला ठाऊक नसतो, पुढचा एक टप्पा तेवढा ठाऊक असतो. कोणतीच नोंद जुळली नाही तर पार्सल ‘डीफॉल्ट रूट’ने जाते.

एकाच ठिकाणची तितकीच नेमकी माहिती दोन मार्गांनी आली, तर विश्वास कोणावर? त्यासाठी आकडे ठरलेले आहेत. थेट जोडलेल्या नेटवर्कला ०, हाताने लिहिलेल्या मार्गाला १, ओएसपीएफने शिकलेल्या मार्गाला ११०. आकडा लहान तो मार्ग विश्वासाचा. ‘शो आयपी रूट’ ही आज्ञा दिल्यावर येणारा तक्ता वाचून पाकीट कुठून जाईल हे सांगता आले, तर सर्वांत जड भागाचा बराचसा डोंगर पार झाला.

स्विचकडचे काम त्या मानाने सोपे, पण हातखंडा लागतो. त्याच पतसंस्थेत काउंटर, सीसीटीव्ही आणि ग्राहकांचे वायफाय एकाच स्विचवर असले तरी तीन व्हीलॅन करून वेगळे ठेवता येतात. ग्राहकाच्या मोबाइलला काउंटरचा संगणक दिसताच कामा नये. दोन स्विचमध्ये दोन वायरी जोडल्या तर डेटा गोल फिरत राहून सगळे नेटवर्क ठप्प का होते आणि स्पॅनिंग ट्री ते कसे थोपवते, हेही यायला हवे. वायफायमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हेच चॅनेल का निवडतात, असे प्रश्न येतात.

काही गोष्टी परीक्षेत फारशा नाहीत, पण पहिल्याच नोकरीत पहिल्याच दिवशी लागतात. तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंतच चालते. क्रिम्पिंग करताना रंगांचा क्रम पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हे हाताला बसलेले असावे. तक्रार आली की क्रमही ठरलेला असावा : आधी वायर, मग स्वतःचा आयपी, मग गेटवेला पिंग, मग बाहेरच्या ८.८.८.८ ला पिंग, शेवटी नावाने एखादे संकेतस्थळ. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून पत्ता मिळालेलाच नाही.

पुण्याला जाण्याची गरज आहे का?

तयारीसाठी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीवर नोंदणी करून ‘पॅकेट ट्रेसर’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. साध्या लॅपटॉपवर त्यात राऊटर, स्विच, संगणक जोडून अख्खे नेटवर्क उभारता येते, बिघडवता येते, दुरुस्त करता येते. सीसीएनएच्या पातळीला जुने राऊटर विकत घेण्याची गरज नाही. वाचन मोबाइलवर होईल, पण आज्ञा टंकायचा सराव संगणकावरच हवा. घरी तो नसेल तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वेळ मागावा. ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, त्यांना खरी अडचण येते ती प्रश्नाच्या इंग्रजीची. लांब प्रश्नात ‘सर्वांत योग्य दोन पर्याय निवडा’ हे शेवटी दडलेले असते. त्यासाठी अधिकृत इंग्रजी साहित्य पहिल्या दिवसापासून वाचावे, संकल्पना मात्र बिनधास्त मराठीत समजून घ्याव्यात.

क्लास लावायचाच असेल, तर परीक्षेची फी त्यात धरली आहे का, हे लेखी घ्या. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्याला कोणत्या कंपनीत, कोणत्या पदावर, असे विचारा. टेलिग्रामवर फिरणाऱ्या ‘हमखास प्रश्नां’च्या फायलींपासून चार हात लांब राहा. तसे आढळल्यास सिस्को प्रमाणपत्र रद्द करू शकते. आणि ते निभावले तरी मुलाखतीत सबनेटचे एक गणित घातले की पाठांतर उघडे पडते.

नोकरीचे काय?

प्रमाणपत्राने मुलाखतीपर्यंत पोहोचायला मदत होते, पुढचे काम ज्ञानाचे. सुरुवातीच्या जागा बहुतेक नेटवर्क देखरेख केंद्रात असतात. २४ तास पाळ्यांचे काम, रात्रपाळी आलीच. पुणे-मुंबईकडे अशा जागा जास्त. पण धुळे-जळगावातही फायबर इंटरनेट देणारे स्थानिक व्यावसायिक, रुग्णालये, महाविद्यालये, कारखाने यांना वायर ओढण्यापलीकडचे कळणारा माणूस लागतोच. तिथे पगार कमी असतो. मात्र वर्षभराचा हाताचा अनुभव घरी राहून मिळतो. आधी असे काम धरून सोबत अभ्यास करणे, हा मार्ग आपल्या भागातल्या मुलांनी अधिक गांभीर्याने घ्यावा.

परीक्षा कुठे आणि कशी?

नोंदणी पिअर्सन व्ह्यू या संस्थेमार्फत होते. केंद्रात जाऊन किंवा घरून कॅमेऱ्यासमोर परीक्षा देता येते. घरून देताना खोलीत दुसरे कोणी चालत नाही आणि इंटरनेट अखंड लागते. ज्या भागात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तिथल्या उमेदवाराने केंद्राचा प्रवास परवडला असे समजावे. नोंदणीतले नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे वडिलांचे नाव एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते, स्पेलिंगही बदलते. कोणते ओळखपत्र चालते ते फी भरण्यापूर्वीच वाचून घ्यावे.

एक प्रश्न सोडून पुढे गेल्यावर मागे येता येत नाही, त्यामुळे ‘नंतर बघू’ म्हणून प्रश्न ठेवता येत नाही. नापास झाल्यास किमान पाच दिवस थांबून पुन्हा बसता येते. उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र तीन वर्षे वैध राहते. ती मुदत संपण्याआधी पुन्हा परीक्षा देऊन किंवा सिस्कोच्या अभ्यासक्रमांतून ३० क्रेडिट मिळवून त्याचे नूतनीकरण करता येते.