हे टोपणनाव नोंदवलेलं आहे

“सर, नाव माझंच आहे. मग ते दुसऱ्याचं कसं झालं?”

शनिवारी दुपारी सिडकोत आमच्याकडं इंजिनीअरिंगची सात-आठ मुलं जमतात. थोडं लिनक्स, थोडं पायथन, आणि इंग्रजीची भीती घालवणं असं चालतं. विचारणारी मुलगी कन्नड तालुक्यातली, दुसऱ्या वर्षाला आहे. जगभरचे प्रोग्रॅमर जिथं बोलत बसतात त्या आयआरसीवरच्या एका खोलीत तिला पहिल्यांदाच जायचं होतं. ‘निक’च्या, म्हणजे टोपणनावाच्या चौकटीत तिनं आपलं नाव लिहिलं, एंटर दाबलं, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ उमटली: हे टोपणनाव नोंदवलेलं आहे, दुसरं निवडा, किंवा तुमचंच असेल तर पासवर्ड देऊन ओळख पटवा. ते नाव आधी घेणाऱ्यानं त्यावर पहाराही बसवलेला होता. अर्ध्या मिनिटात यंत्रणेनं तिचं नाव काढून घेतलं आणि ‘गेस्ट’ या शब्दापुढं काही आकडे चिकटवून दिले.

तिला राग आला. तो राग माझ्या ओळखीचा आहे.

२००१ साली, हे शहर औरंगाबाद असताना, निराला बाजारजवळच्या एका सायबर कॅफेत मी रात्री तासभर बसायचो. एमआयआरसी नावाचा प्रोग्रॅम उघडायचा, निक टाकायचा आणि खोलीत शिरायचं. सात-आठ महिने मी एकच निक वापरला. दुबईत नोकरीला गेलेला बीडचा एक मित्र, पुण्यातले दोघं-तिघं, सगळे मला त्याच नावानं ओळखायचे. एका रात्री मी आत गेलो तर माझं नाव आधीच आत बसलेलं. माझ्या नावानं कुणीतरी माझ्याच मित्रांशी बोलत होतं, आणि जे बोलत होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुबईवाला मित्र पुढं दोन महिने माझ्याशी बोलला नाही. तो मी नव्हतो हे सिद्ध करायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. नाव वापरत होतो, पण त्याची नोंद केली नव्हती.

हे असं का होऊ शकतं, ते समजायला जरा मागं जावं लागतं. इंटरनेट रिले चॅट, म्हणजे आयआरसी, १९८८ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी लिहिलं. १९९३ च्या मे महिन्यात त्याचे नियम कागदावर आले. निक जास्तीत जास्त नऊ अक्षरांचा, आणि एका वेळी एका नावाचा एकच माणूस. इतकंच. तुम्ही बाहेर पडलात की नाव मोकळं, पुढं येईल त्याचं. एसटीत खिडकीजवळ रुमाल टाकून ठेवावा तसं. रुमाल उचललात की जागा गेली. ज्या विद्यापीठात सगळे एकमेकांना ओळखतात तिथं हे पुरेसं होतं.

लोक वाढले तसा त्यातला खड्डा दिसू लागला. आयआरसीचं जाळं अनेक सर्व्हर एकमेकांना जोडून बनतं. मधला एखादा दुवा तुटला की जाळ्याचे दोन तुकडे पडतात. याला नेटस्प्लिट म्हणतात. एका तुकड्यात तुम्ही असता, दुसऱ्या तुकड्यात कुणीतरी तुमचंच नाव घेऊन बसतं. दुवा पुन्हा जुळला की यंत्रणेपुढं एकाच नावाची दोन माणसं उभी राहतात. खरं कोण हे ठरवायचं साधन नसल्यामुळं जुन्या नियमानुसार दोघांनाही बाहेर काढलं जायचं. मग ज्याचा हात चपळ त्यानं आधी आत शिरून नाव बळकावायचं. नेटस्प्लिटवर डोळा ठेवून नावं चोरणारे लोक होते.

यावर उपाय लोकप्रिय केला तो १९९४ साली सुरू झालेल्या डालनेट या जाळ्यानं. ‘निकसर्व्ह’ नावाची एक सेवा तिथं चोवीस तास बसलेली असते. ती माणूस नाही, पण तिच्याशी बोलायचं माणसाशी बोलावं तसंच, खासगी निरोप पाठवून. तिचं काम तलाठ्याचं: नोंदवही ठेवणं, आणि कुणी नाव सांगत आलं की वही उघडून पाहणं. सगळ्या जाळ्यांनी हे मानलं नाही. ईएफनेट हे सर्वांत जुनं जाळं आजही निकची नोंद ठेवत नाही. नाव कुणाच्याच मालकीचं नाही, ही त्यांची भूमिका. ती प्रामाणिक आहे, पण माझ्यासारख्याला त्या रात्रीनंतर पटत नाही.

मुलांना हे सांगताना मी पैठणला जातो. आपल्या जिल्ह्यातलंच गाव. एकनाथ महाराजांनी आपल्या अभंगांना मुद्रा लावली ती ‘एका जनार्दनी’. जनार्दनस्वामी म्हणजे त्यांचे गुरू, देवगिरीच्या किल्ल्यावरचे अधिकारी. आपल्या नावाला गुरूचं नाव जोडल्यामुळं ती मुद्रा दुसऱ्या कुणाला सहज लागणारी राहिली नाही. नामदेवांच्या बाबतीत वेगळं घडलं. त्यांच्यानंतर काही शतकांनी विष्णुदास नामा हा कवी झाला, तोही ‘नामा’च. दोघांच्या रचना गाथेत मिसळल्या आणि त्या निवडायला अभ्यासकांना भाषा, संदर्भ, काळ असं सगळं चाळत बसावं लागलं. मुद्रा ही सही असते, पण ती कुणालाही करता येते. निकसर्व्हनं त्या सहीला कुलूप दिलं.

कुलूप कसं लागतं? आधी हवा तो निक घेऊन आत जायचं. मग निकसर्व्हला ‘रजिस्टर’ हा शब्द, त्यापुढं पासवर्ड आणि ईमेल पाठवायचा. ईमेलवर एक लांबलचक सांकेतिक शब्द येतो, तो परत पाठवला की नोंद पक्की. पुढच्या वेळी आत आल्यावर ‘आयडेंटिफाय’ आणि पासवर्ड. नीट चालवलेल्या जाळ्यावर वहीत पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला नसतो, त्याचं दळलेलं रूप असतं. तुम्ही दिलेला पासवर्ड दरवेळी त्याच जात्यातून जातो आणि पीठ जुळतं का ते पाहिलं जातं. पिठातून पुन्हा गहू काढता येत नाही, म्हणून वही चोरीला गेली तरी चांगला पासवर्ड हाती लागणं अवघड.

इथं एक चूक इतकी सर्रास होते की मी ती प्रत्येक मुलाला फळ्यावर लिहून दाखवतो. आयआरसीमध्ये आज्ञा तिरप्या रेघेनं, म्हणजे स्लॅशनं सुरू होते. स्लॅश ओळीचं पहिलं अक्षर असेल तरच पुढचं निकसर्व्हकडं खासगीत जातं. घाईत त्याच्या आधी स्पेस पडली, किंवा स्लॅशच राहिला, की अख्खी ओळ साधं बोलणं समजून खोलीत सगळ्यांपुढं छापली जाते, पासवर्डसकट. दीडशे माणसं ती वाचतात. अशा वेळी लाजून गप्प बसायचं नाही, त्याच क्षणी पासवर्ड बदलायचा. म्हणून ही ओळ खोलीत न लिहिता सर्व्हरच्या खिडकीत लिहायची सवय बरी.

त्याहून चांगला रस्ता ‘सॅस्ल’चा. जुन्या पद्धतीत तुम्ही आधी आत येता आणि मग ओळख पटवता. मधल्या काही क्षणांत तुमच्या जोडणीचा पत्ता इतरांना दिसू शकतो. सॅस्लमध्ये पासवर्ड दरवाजावरच तपासला जातो आणि मग आत सोडतात. आपलं शहर बावन्न दरवाजांचं, इथल्या मुलांना हा फरक लगेच कळतो. कनेक्शन तुटलं आणि तुमचीच जुनी सावली आत अडकून राहिली, तर ‘घोस्ट’ किंवा ‘रिगेन’ म्हणून ती हटवता येते. एका खात्याला अनेक निकही जोडता येतात. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर अशी नावं घेत आलेल्या गावाला खातं आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुद्दाम सांगावं लागत नाही.

पण नोंद म्हणजे कायमची मालकी, असं मात्र मानू नये. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं सगळ्यांत मोठं बैठकीचं ठिकाण फ्रीनोड हे होतं. १९ मे २०२१ रोजी मालकीच्या वादातून तिथले स्वयंसेवक एकत्र बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट सुरू केलं. पुढच्याच महिन्यात फ्रीनोड कोऱ्या वहीनिशी नव्यानं चालू झालं. वर्षानुवर्षांच्या नोंदी एका झटक्यात गेल्या. लिबेरावर वही नवी, त्यामुळं पंधरा-वीस वर्षं एका नावानं वावरलेले लोक आपलंच नाव दुसऱ्यानं घ्यायच्या आत नोंदवायला धावत होते. मीही त्या रात्री जागा होतो. शिवाय बराच काळ न वापरलेला निक जाळी मोकळा करतात. सातबारा घेतला तरी जमीन कसत राहावी लागते.

हे सगळं जुनं झालं, आता व्हॉट्सॲप आहे, असं पालक म्हणतात. व्हॉट्सॲपवर पासवर्डाची कटकट नाही खरी, कारण तिथं तुमची ओळख म्हणजे मोबाइल नंबर. आणि नंबर तुमचा नाही, कंपनीचा आहे. बंद पडलेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. २०२३ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. सिम बंद करण्याआधी आपलं खातं काढून टाकणं हे ग्राहकानंच करायचं काम आहे. गावाकडं रिचार्ज संपलं म्हणून सिम सोडून देणारी किती घरं आहेत, ते मी पाहतो. सिग्नल या निरोपांच्या ॲपनं फेब्रुवारी २०२४ मध्ये युजरनेमची सोय आणली, म्हणजे समोरच्याला नंबर न देता बोलता येतं. निकचीच ही कल्पना, छत्तीस वर्षांनी परत आलेली.

माझ्या लेखी निकचं मोल याहून मोठं आहे. आमच्या गटातला एक मुलगा राहायला भाड्याची खोली शोधत फिरत होता. तीन ठिकाणी आधी आडनाव विचारलं गेलं आणि मग खोली ‘कालच गेली’ होती. आयआरसीवर आडनावाची चौकट नाही. दुर्गापूरच्या लिनक्स गटाचं, म्हणजे डीजीप्लगचं उन्हाळी प्रशिक्षण २००८ पासून आयआरसीवर चालत आलं आहे. तिथं विद्यार्थी प्रश्न विचारायचा असला की फक्त उद्गारचिन्ह टाइप करतो आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतो. पाळी आली की प्रश्न पाहिला जातो. विचारणारा कुठल्या गल्लीतला, कुठल्या घरातला, मुलगा की मुलगी, हे त्या रांगेत कुणाला ठाऊक नसतं. निकमुळं माणूस अदृश्य होत नाही. नोंदीचा ईमेल आणि जोडणीचा पत्ता सर्व्हर चालवणाऱ्यांना दिसतोच. पण बरोबरीच्या लोकांपुढं स्वतःबद्दल किती सांगायचं, हे ठरवणं आपल्या हाती येतं. आणि सहा महिने चांगली उत्तरं दिली की त्या नावाला जी पत येते ती सर्वस्वी कमावलेली असते. म्हणूनच तिला कुलूप हवं.

त्या शनिवारी कन्नडच्या मुलीला मी म्हणालो, “अगं, तुझं नाव तुझंच आहे. पण त्या वहीत ते कुणीतरी आधी लिहिलंय. तू असं नाव घे, जे फक्त तुला सुचेल.” देवनागरी तिथं चालत नाही, रोमन अक्षरांत लिहावं लागतं. ती बराच वेळ विचार करत बसली. मग तिनं लिहिलं: गौताळा. यंत्रणेनं हरकत घेतली नाही. रजिस्टर, पासवर्ड, ईमेल. फोनवर सांकेतिक शब्द यायला दोन मिनिटं लागली. तो टाइप करताना तिनं प्रत्येक अक्षर ओठांत म्हणून पाहिलं. नोंद पक्की झाल्याची ओळ आली.

खोलीत ती शिरली तेव्हा कुणीतरी तिचं स्वागत केलं आणि विचारलं, हे नाव कशाचं? पाठीमागं उभ्या मुलांपैकी एकजण सांगायला पुढं सरसावला. तिनं हातानंच त्याला थांबवलं आणि इंग्रजीत लिहायला लागली: आमच्या घरामागं डोंगर आहे, त्यावरचं जंगल.