खाऱ्या पाण्यांतील लुकण

इ. स. १८४६ सालीं ॲना थिन या इंग्रज बाईंनीं टॉर्की येथील समुद्रकिनाऱ्यावरून कांहीं जिवंत पोवळीं लंडन शहरीं नेलीं. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबी येथें धर्माधिकारी होते, आणि समुद्र तेथून बराच दूर. पोवळीं जागच्या जागीं राहावींत म्हणून बाईंनीं सुईदोरा घेऊन तीं एका मोठ्या स्पंजास शिवून टाकिलीं! पाणी शिळें होऊं नये म्हणून तें एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतण्याचें काम घरच्या मोलकरणीकडे असे. कांचपेटींत सागरी जीव पाळण्याच्या विद्येचा आरंभ असा सुईदोऱ्यानें झाला. पुढें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिबागेंत जलचरांसाठीं स्वतंत्र गृह उघडलें, व अशा पेट्या ठेवण्याचें वेड घरोघरीं पसरलें. त्या काळच्या पेट्यांचे सांधे पुष्कळदां शेंदूर किंवा सफेता जवसाच्या तेलांत मळून केलेल्या लुकणानें भरीत. शेंदूर व सफेता या दोहोंतही शिसें असतें, हें रसायनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको.

आज सुईदोरा व शेंदूर दोन्ही गेले, परंतु प्रश्न तोच राहिला आहे. दगडास दगड कसा धरावा, आणि जें द्रव्य तो धरील तें भोंवतालच्या जिवांस मारणार तर नाहीं?

हा प्रश्न मजपुढें पुस्तकांतून आला नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या शास्त्रवर्गांत एक लहानशी कांचपेटी समुद्राच्या पाण्यानें भरून ठेविली होती. तींत सहा कोळंब्या, शंखांत बिऱ्हाड करणारे चार खेकडे व थोडे लहान मासे होते. मधोमध काळ्या दगडांची गुहा रचिली होती. एके रात्रीं वरचा दगड घसरला, आणि सकाळीं पाहतों तों एक खेकडा त्याखालीं चेंगरलेला. मीं स्वतः बाजारांतून सिलिकोनची नळी आणिली, दगड सांधिले, एक रात्र वाळूं दिले व पुन्हां पाण्यांत ठेविले. तिसरे दिवशीं सहाही कोळंब्या आडव्या पडल्या होत्या. नळीवर बारीक अक्षरांत छापिलें होतें कीं, हें द्रव्य न्हाणीघरासाठीं असून यास बुरशी धरत नाहीं. मीं तें वाचलें होतें, आणि वाचून मला बरेंच वाटलें होतें! कोळंब्या त्याच कारणानें मेल्या हें सिद्ध करण्याचें साधन मजपाशीं नव्हतें. परंतु "गुरुजी, बुरशीला मारणारें औषध बुरशीपाशींच कसें थांबेल?" असें सातवींतील एका मुलीनें विचारिलें, तेव्हां मला खालीं पाहावें लागलें. दोष दुकानदाराचा नव्हता, नळीचाही नव्हता.

तर प्रथम सिलिकोनविषयींच सांगतों. शुद्ध सिलिकोन निरुपद्रवी आहे. कांचपेट्यांचे सांधे त्याचेच असतात. नळींतून निघतांना तें मऊ असतें, व हवेंतील बाष्प लागून घट्ट होतें. घट्ट होतांना त्याच्या नेहमींच्या प्रकारांतून ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यांतील आम्ल, बाहेर पडतें. म्हणून त्यास शिरक्यासारखा वास येतो. तो वास पुरता जाईपर्यंत वस्तु पाण्यांत घालूं नये. पातळ थरास एक-दोन दिवस पुरतात, जाड थरास त्याहून पुष्कळ अधिक लागतात. माझी एक रात्र हीही दुसरी चूकच होती. न्हाणीघराच्या सिलिकोनांत बुरशीनाशक मिसळतात, तें पेटीस चालत नाहीं. शिवाय सिलिकोन गुळगुळीत व कोरड्या कांचेस जसें धरतें, तसें ओल्या, खडबडीत दगडास धरत नाहीं. तात्पर्य, दगडांच्या कामास तें मुळांतच योग्य नव्हतें.

आतां ज्या द्रव्याची हकीकत सर्वांत मनोरंजक, त्याकडे वळूं. १९४२ सालीं अमेरिकेंत ईस्टमन कोडॅक कंपनींत हॅरी कूव्हर नांवाचे रसायनज्ञ बंदुकीच्या नेमासाठीं पारदर्शक प्लॅस्टिक शोधीत होते. सायनोॲक्रिलेट नांवाचें द्रव्य त्यांच्या हातीं आलें. परंतु तें ज्यास लागे त्यास चिकटून बसे, म्हणून त्यांनीं तें टाकून दिलें. १९५१ सालीं दुसऱ्याच कामांत तें पुन्हां पुढें आलें, आणि जो दोष म्हणून टाकिला तोच गुण आहे हें तेव्हां त्यांच्या ध्यानांत आलें. १९५८ सालीं तें ईस्टमन ९१० या नांवानें विक्रीस आलें. आपल्याकडे फेव्हिक्विक म्हणून जी चिमुकली नळी मिळते, ती याच कुळांतील.

या द्रव्याचें वैशिष्ट्य असें कीं, पुष्कळ चिकट द्रव्यें पाण्यानें बिघडतात, आणि हें पाण्यानेंच जमतें. डिंक किंवा सरस वाळतो म्हणजे त्यांतील पाणी उडून जातें. सायनोॲक्रिलेट वाळत नाहीं. पाण्याचा स्पर्श होतांच त्याचे सुटे रेणू एकमेकांचे हात धरून लांब सांखळ्या बनवितात. किंचित् अल्कधर्मी पाण्यांत ही क्रिया अधिक त्वरेनें होते, आणि समुद्राचें पाणी तसेंच असतें. त्याचा पीएच ८.१ च्या आसपास असतो. सांखळी एकदां बनली कीं पाण्यांत विरघळून जावयास फारसें कांहीं सुटें उरत नाहीं. म्हणूनच पोवळीं पाळणारे लोक याचा निःशंकपणें उपयोग करितात. याच्याच जातभाई द्रव्यांनीं शस्त्रवैद्य जखमाही सांधतात.

मात्र पातळ द्रव न घेतां दाट, लापशीसारखा प्रकार घ्यावा. पातळ असलेलें पाण्यांत पांढऱ्या तंतूंसारखें पसरतें. दाट प्रकारावरही पाण्याखालीं तत्काळ एक साय धरते. त्या सायीसकट तुकडा नुसता टेकविला तर तो सुटून येतो. म्हणून तुकड्याचा तळ टिपून घ्यावा, लुकण लावावें, आणि दगडावर दाबून थोडा फिरवावा. म्हणजे साय फाटून आंतील ताजें द्रव्य दगडास भिडतें. जमल्यावर तें कांचेसारखें ठिसूळ होतें, सबब मोठ्या दगडाचा भार त्यावर टाकूं नये. आणि कापसाचा बोळा किंवा लोंकरीचें हातमोजें यांचा त्यास स्पर्श होऊं देऊं नये. क्रिया इतकी जोरानें होते कीं हात पोळतो.

जड कामास इपॉक्सी हें राळेसारखें द्रव्य. यांत दोन भाग असतात, एक राळेचा व एक तीस कठीण करणारा. दोन्ही सारख्या प्रमाणांत घेऊन कणकेप्रमाणें मळावे, रंग एकसारखा झाला कीं गोळा तयार. रेघा राहिल्या तर तेथें न जमलेलें द्रव्य राहिलें असें समजावें. मळतांना हातमोजे घालावे. हा गोळा पाण्याखालीं कठीण होतो, परंतु तो चिकटतो असें म्हणण्यापेक्षां फटींत बसून धरून ठेवितो असें म्हणणें खरें. म्हणून जाणते लोक गोळ्याच्या दोन्ही अंगांस सायनोॲक्रिलेट लावितात. एका वेळीं पुष्कळ गोळे घालूं नयेत. पाणी फेंसाळतें, व फेंस काढणारें यंत्र असल्यास तें उतूं जातें. लोखंडाचा किंवा अन्य धातूचा चुरा मिसळलेलें नळदुरुस्तीचें लुकण सर्वथा वर्ज्य समजावें. तांब्याविषयीं तर विशेष जपावें. कणारहित प्राण्यांस त्याचा लेशही घातक होतो, मग तें पितळेच्या खिळ्यांतून कां येईना.

सिमेंटही चालतें, पण त्यांतून चुना पाझरत राहून पाणी तीव्र अल्कधर्मी होतें. कित्येक आठवडे गोडें पाणी बदलीत भिजवावें लागतें. आमच्यासारख्या उतावळ्या माणसांचें तें काम नव्हे.

खरें पाहतां लुकणाचा विचार शेवटीं करावयाचा. दगड लुकणावांचूनच स्थिर उभे राहतील असे रचावे, व ते वाळूवर न ठेवितां तळावर ठेवून मागाहून वाळू घालावी. कारण वाळू उकरणारे जीव पाया पोखरतात. आमचा खेकडा मेला तो लुकणाच्या अभावीं नव्हे, रचना वाईट होती म्हणून.

कोणी विद्यार्थी विचारील कीं, मग आपल्या पेटींत पोवळीं कां नाहींत? पोवळें हा दगड नव्हे. तो लहान लहान प्राण्यांचा समूह असून चुन्याचें घर स्वतः बांधतो. भारतांत खडक बांधणारीं सर्व पोवळीं २००१ सालापासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. मालवणच्या समुद्रांतही तीं आहेत, परंतु तेथून तुकडा आणणें हा अपराध आहे, मग हेतु विद्येचा असो वा हौसेचा. फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत मात्र हीच विद्या उलट्या दिशेनें चालते. तेथें पोवळ्यांचे लहान तुकडे रोपवाटिकेंत वाढवून मोडलेल्या खडकांवर इपॉक्सीनें लावितात. जीव धरला तर पोवळें आपल्या मांसानें व चुन्यानें तें लुकण हळूहळू झांकून टाकतें, आणि पुढें त्याचा मागमूसही दिसत नाहीं.

आमच्या पेटींतील दगड आतां नव्यानें रचिले आहेत. वरचे दोनच सांधे लुकणाचे आहेत, आणि ते पेटीबाहेर पुरते जमल्यावर चार दिवस पाण्यांत भिजवून घेतले. नव्या पांच कोळंब्या आंत सोडिल्या त्यास तीन महिने झाले. ज्या मुलीनें प्रश्न विचारिला, तिच्याकडेच आतां पेटीची किल्ली असते.