हजच्या नोटा आणि नानांची वही

हजला निघालेल्या माणसाला नातेवाईक हार घालतात, गळाभेट घेतात, दुआंची लांबलचक यादी देतात. पैसे कसे नेणार, कुठे ठेवणार, हे फारसं कुणी विचारत नाही. तो विषय काढणं म्हणजे इबादतीत दुनिया आणणं, असं आपल्याला उगाच वाटतं. कुरआनात मात्र सूरह बकरामध्ये हजच्या हुकुमांच्या मध्येच वाटखर्च सोबत घ्या, अशी ताकीद आहे. काही लोक ‘आमचा अल्लाहवर भरोसा’ म्हणत रिकाम्या हाताने मक्केला यायचे आणि मग तिथे लोकांपुढे हात पसरायचे, त्यांच्या संदर्भात ही आयत असल्याचं इब्ने अब्बास (रजि.) यांच्या रिवायतीत येतं.

आमच्या आईचे वडील, म्हणजे आमचे नाना, 1962 साली मुंबईहून जहाजाने हजला गेले. त्यांची हिशेबाची वही आमच्याकडे आहे. पहिल्या पानावर देणेकऱ्यांची नावं, प्रत्येकापुढे ‘पोहोचले’. दुसऱ्या पानावर नानी आणि मुलांना परत येईपर्यंतचा खर्च. तिसऱ्या पानावर ‘हज नोटा’ असा मथळा. लहानपणी आम्हाला वाटायचं, हे नानांनीच दिलेलं नाव असेल.

तशा नोटा खरोखरच होत्या. त्या काळी कुवेत, बहरीन, कतार या भागांत भारतीय रुपयाच चालायचा. खाडीतून सोनं चोरट्या मार्गाने आपल्या किनाऱ्यावर यायचं, त्याची किंमत रुपयांत जायची, आणि तेच रुपये तिकडच्या बँकांमार्फत परत येऊन भारताकडून पौंड मागायचे. परकीय गंगाजळीला हे भोक परवडणारं नव्हतं. म्हणून 1959 साली रिझर्व्ह बँकेने खाडीसाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि हाजींसाठी आणखी वेगळ्या, दहाच्या आणि शंभरच्या. रंग निराळा, क्रमांकाआधी इंग्रजी एच आणि ए ही अक्षरं. सौदीत त्या देऊन रियाल घ्यायचे. आपल्या बाजारात मात्र त्या चालत नसत.

नानांच्या आधीच्या हाजींचे हाल याहून जास्त. सौदीत कागदी पैसाच नव्हता, चांदीचा रियाल होता. एक नाणं साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. पाचशे रियाल म्हणजे पावणेसहा किलो चांदी अंगावर! 1953 मध्ये सौदी सरकारने हाजींसाठी दहा रियालच्या ‘पावत्या’ काढल्या. नाव पावती, पण लोकांनी त्या नोटांसारख्याच वापरल्या. अधिकृत नोटा 1961 मध्ये आल्या.

नानांनी पैशांच्या तीन वाटण्या केल्या होत्या: कमरपट्ट्यात, ट्रंकेत, आणि थोडे सोबतच्या गाववाल्याकडे. त्याचेही काही नानांकडे. एहरामात शिवलेला कपडा चालत नाही, पण पैशांचा पट्टा चालतो, हे मौलवीसाहेबांना विचारून घेतल्याची नोंदही वहीत आहे.

जहाजाची सफर 1995 मध्ये संपली. वाटण्यांची अक्कल मात्र विमानात बसताना आपण घरी ठेवून जातो. आम्ही दोघं उमराहला गेलो तेव्हा सगळी भिस्त एका कार्डावर होती. मक्केत पहिल्याच दुकानात ते नाकारलं गेलं. कार्डाचा परदेशातला वापर बंद होता, तो निघण्याआधी चालू करायला हवा होता. चालू करायला ओटीपी हवा, आणि तो ज्या सिमवर येणार ते सिम आम्ही घरी मुलाच्या फोनमध्ये ठेवून आलो होतो. रात्री अकराला मुलाला उठवलं. तोवर शेजारच्या खोलीतल्या सोलापूरच्या आपांनी, ओळखदेख नसताना, शंभर रियाल हातात ठेवले. मुलांना व्यवहारी गणित शिकवणाऱ्या आम्हाला जमीन गिळेल तर बरं असं झालं.

तेव्हा, निदान दोन कार्डं न्या आणि ती दोघांकडे ठेवा. म्हाताऱ्या आईचे सगळे पैसे मुलाच्या खिशात नकोत, गर्दीत ताटातूट होते. तिच्या गळ्यातल्या पिशवीत शंभर-दीडशे रियाल आणि हॉटेलचा पत्ता असू द्या. दुकानातलं यंत्र ‘रुपयांत की रियालमध्ये?’ असं विचारतं, तेव्हा रियालच निवडा. रुपये निवडले की भाव दुकानाचं यंत्र ठरवतं आणि तो बहुधा महागच पडतो.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘पैसे आज द्या, रियाल पुढच्या आठवड्यात’ असं काही एजंट सांगतात. दोन चलनांची अदलाबदल कमी-जास्त भावाने चालते, पण देणं-घेणं त्याच बैठकीत, हातोहात व्हावं, असं बहुतेक उलमा सांगतात. हजच्या पैशातच उधारीचा सौदा का करावा? आपल्या मौलवीसाहेबांना विचारून घ्या, आणि रियाल मोजून घेतल्यावरच रुपये द्या.

सोलापूरच्या आपांनी ते शंभर रियाल परत घेताना खूप आढेवेढे घेतले. नानांच्या वहीतही शेवटच्या पानावर अशीच एक नोंद आहे: ‘जहाजात पाकीट हरवलेल्या भाईला वीस रुपये. परत मागायचे नाहीत.’ खाली वेगळ्या शाईत, ‘मनीऑर्डरने आले.’