पोटातली गाठ आणि नॉर्मल रिपोर्ट

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सहलीत अतुल परचुरे यांना जेवण जाईनासे झाले, मळमळू लागले. परतल्यावर सोनोग्राफी झाली आणि यकृतात सुमारे पाच सेंटिमीटरची गाठ निघाली. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांत भीती दिसली तेव्हाच काहीतरी बिनसल्याचे कळले, असे त्यांनी नंतर मुलाखतीत सांगितले. रंगमंचावर पु. ल. देशपांडे साकारणारा हा नट 14 ऑक्टोबर 2024 रोजी, वयाच्या 57व्या वर्षी गेला.

भूक मंदावणे, थकवा, उजव्या बरगडीखाली जडपणा. एवढ्यावर कर्करोगाची शंका कोणाला येणार? घरोघरी त्याला 'पित्त' म्हणतात. शिवाय यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाहीत. गाठ वाढून वरच्या आवरणाला ताण बसला, की मग दुखू लागते.

यकृताच्या नेहमीच्या कर्करोगामागे बहुतेकदा जुना आजार असतो: हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, नाहीतर चरबीमुळे आलेला सिरॉसिस. त्याचे निदान ठरलेल्या वाटेने होते. शिरेतून औषध सोडून टप्प्याटप्प्याने सीटी स्कॅन काढतात. धमनीतून रक्त येते तेव्हा गाठ उजळते आणि थोड्या वेळाने आसपासच्या यकृतापेक्षा फिकी पडते. सिरॉसिसच्या रुग्णात हे चित्र स्पष्ट दिसले, तर अनेकदा बायोप्सीचीही गरज पडत नाही. रक्तातले एएफपी हे प्रथिन वाढलेले असेल, तर संशय आणखी बळावतो.

फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा मात्र या वाटेने सापडत नाही. हा दुर्मिळ कर्करोग मुख्यतः किशोरवयात आणि तरुणपणी होतो. रुग्णाला ना दारूचे व्यसन, ना कावीळ झाल्याचा इतिहास. बाकीचे यकृत निरोगी आणि एएफपी बहुधा नॉर्मल. स्कॅनमध्ये मधोमध व्रणासारखा डाग दिसला, तर ती निरुपद्रवी गाठही वाटू शकते. रिपोर्ट चांगले आले म्हणून घरचे निश्चिंत होतात आणि तेवढ्या काळात रोग लसिकाग्रंथींपर्यंत पोचतो. शेवटी उत्तर मिळते ते सूक्ष्मदर्शकाखाली: मोठ्या गुलाबी पेशी आणि त्यांच्यामधून थरांनी गेलेले तंतूंचे पट्टे.

अमेरिकेतल्या एलाना सायमन हिला हा आजार बाराव्या वर्षी झाला. त्याआधी बराच काळ तिच्या पोटदुखीला वेगवेगळी नावे दिली जात होती. शस्त्रक्रियेने ती वाचली आणि शाळेत असतानाच याच कर्करोगावरच्या संशोधनात उतरली. फेब्रुवारी 2014 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधात तिचेही नाव होते. तपासलेल्या पंधराही रुग्णांच्या गाठींमध्ये डीएनएजेबी1 आणि पीआरकेएसीए ही दोन जनुके एकमेकांना जोडली गेलेली आढळली. आज शंका असेल तेव्हा हाच जोड तपासून निदान पक्के करतात. उपचारात अजूनही पहिला मान शस्त्रक्रियेचाच, त्यामुळे गाठ काढता येण्याजोगी असतानाच ती सापडणे महत्त्वाचे.

वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या गावात ती वेळेत कशी सापडायची? ग्रामीण भागात डोळे पिवळे दिसले की अनेक जण आधी कावीळ 'उतरवणाऱ्या'कडे धावतात. तो हातांना झाडाच्या सालीचा रस चोळतो, चुन्याच्या निवळीने हात धुतो आणि पाणी पिवळे होते. हा रंग सालीचा आणि चुन्याचा. धडधाकट माणसाचे हात धुतले तरी तसाच येतो. काविळीमागे पित्तनलिका दाबणारी गाठ असेल, तर यात आठवडे वाया जातात.

वाशीमला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरी यकृताची अवघड शस्त्रक्रिया म्हटली की नागपूर किंवा मुंबई गाठावी लागते. कारंजा-मालेगावजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाने नागपूरचा प्रवास सोपा केला आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात.

प्रवासाला निघताना बहुतेक नातेवाईक फक्त रिपोर्टची फाईल घेतात. मोठ्या रुग्णालयातल्या पॅथॉलॉजिस्टला मात्र बायोप्सीच्या काचेच्या स्लाइड, मेणात जतन केलेला मूळ तुकडा म्हणजे 'ब्लॉक' आणि सीटीची सीडी लागते. जनुकांचा जोडही याच ब्लॉकवर तपासता येतो. तो आधीच्या प्रयोगशाळेतून मागून घेतला, तर पुन्हा सुई टोचण्याची वेळ बऱ्याचदा टळते.