स्पार्क प्लगच्या विहिरींतील तेल

मोटारगाडी बाळगणाऱ्या कुटुंबावर कधींना कधीं असा प्रसंग येतो. गाडी नेहमींच्या तपासणीसाठीं गॅरेजमध्यें जाते. मिस्त्री प्लग काढतो, तेलानें माखलेला तो प्लग मालकापुढें धरतो आणि गंभीरपणें सांगतो, "साहेब, प्लग तेलांत बुडाले आहेत. इंजिन उघडावें लागेल." मालकाच्या डोळ्यांपुढें हजारों रुपयांचा आंकडा उभा राहतो. मिस्त्री लबाडच असतो असें नाहीं. कधीं कधीं इंजिन खरोखरीच उघडावें लागतें. परंतु पुष्कळ वेळां हें सारें दुखणें रबराच्या एका कड्याचें असतें, आणि तें बदललें कीं काम भागतें. मोठा खर्च कोणता आणि किरकोळ कोणता, हें ओळखण्याची किल्ली एकाच प्रश्नांत आहे : तेल प्लगच्या कोणत्या टोंकाला लागलें आहे ?

प्लग हा इंजिनच्या माथ्यांत आट्यांनीं घट्ट बसविलेला असतो. त्याचें खालचें टोंक सिलिंडरच्या पोटांत असतें. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण तेथें ठिणगीनें पेटतें. वरचें, चिनी मातीचें टोंक बाहेर राहतें आणि रबरी टोपींतून त्याला वीज मिळते. मधले आटे व वायसर यांनीं हीं दोन दालनें एकमेकांपासून बंद केलेलीं असतात. म्हणून वरच्या टोंकावरचें तेल एका वाटेनें आलेलें असतें, तर खालच्या टोंकावरचें दुसऱ्या वाटेनें. एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाहीं.

जुन्या गाड्यांत वरच्या टोंकाशीं तेल सांचण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नसे. अँबॅसेडरच्या जुन्या इंजिनांत प्लग उघड्यावर असत; तेथें तेल सांचावयास जागाच नव्हती. परंतु ठिणगी मध्यभागीं पडली तर ज्वाला चोहोंकडे सारखी पसरते. १९१२ सालीं फ्रेंच ग्रां प्री ही शर्यत जिंकणाऱ्या प्यूजो गाडींत दोन कॅमदंड, दर सिलिंडरला चार झडपा आणि मधोमध प्लग अशी मांडणी होती. कालांतरानें हीच मांडणी घरगुती गाड्यांतहि आली. डावीकडे एक व उजवीकडे एक असे कॅमदंड फिरत असतात, त्यांवर तेलाचा अखंड शिडकावा होत असतो, आणि त्यांच्या मधल्या खोल विहिरींत प्लग उभा असतो. तेल व विहीर यांच्यामध्यें पहारा करतें तें केवळ रबराचें कडें आणि वरच्या झांकणाचें, म्हणजे टॅपेट कव्हरचें, पॅकिंग.

वर्षानुवर्षें शेकून हें रबर कडक होतें, आक्रसतें व चिरतें. मग तेल थेंबाथेंबानें विहिरींत उतरूं लागतें. स्वच्छ तेलांतून वीज सहसा वाहत नाहीं. परंतु तें टोपीचें रबर फुगवितें, मऊ करतें व शेवटीं फाडतें. हजारों व्होल्टांच्या दाबाची वीज मग प्लगच्या टोंकापर्यंत न पोंचतां फटींतून बाजूच्या धातूंत शिरते. इंजिन धक्के देतें, चढावर ओढ कमी पडते. मिस्त्रींच्या भाषेंत गाडी 'मिसिंग' मारते. न जळलेलें पेट्रोल पुढें धुराच्या नळींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटतें व तें महाग यंत्र निकामी करतें. म्हणून इंजिनचा दिवा लुकलुकूं लागला कीं गाडी हांकीत राहूं नये.

परीक्षेचें काम नाजूक आहे तें येथेंच. विहिरींत तेल असतांना प्लग फिरविला, तर आटे सैल होतांच तें तेल सिलिंडरमध्यें ओघळतें आणि जातांजातां खालचें टोंकहि माखतें. मग दोन्ही टोंकें तेलकट दिसतात आणि पुरावाच नाहींसा होतो. 'इंजिन उघडा' हा निकाल कित्येकदां अशा बुडालेल्या पुराव्यावर दिलेला असतो. यास्तव इंजिन थंड झाल्यावर टोपी काढावी, पिचकारीनें विहिरींतलें तेल ओढून घ्यावें, काठीला गुंडाळलेल्या फडक्यानें टिपावें, दाबाच्या हवेनें केरकचरा उडवावा आणि मगच प्लगला पाना लावावा. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमानें मांडून ठेवावे.

आतां खालचें टोंक पाहावें. तें कोरडें व फिकट तपकिरी असेल तर सिलिंडर निरोगी आहे; दोष वरच्या रबराचा. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोलचें प्रमाण अधिक झालें आहे, तेलाशीं तिचा संबंध नाहीं. टोंक ओलें, काळें व चकाकणारें असेल, तर मात्र तेल आंतून येत आहे. त्यालाहि दोन मुख्य वाटा आहेत. झडपांच्या दांड्यांवरील सीलें झिजलीं असतील, तर रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करतांना, किंवा लांबलचक घाट उतरून पुन्हां ॲक्सिलरेटर दाबतांना निळसर धूर निघतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर चढावर जोर लावतांना तो निघत राहतो. संशय राहिल्यास मिस्त्रीकडून सिलिंडरचा दाब मोजवून घ्यावा. दाब कमी भरला तर प्लगच्या भोंकांतून चमचाभर तेल घालून पुन्हां मोजावा. तो वाढला तर दोष रिंगांचा. न वाढल्यास झडपांचा किंवा हेड गॅस्केटचा. दाब मुळांतच चांगला असून टोंक ओलें राहत असेल, तर झडपांच्या सीलांकडे पाहावें. रिंगांसाठीं इंजिन उघडावें लागतें. सीलें पुष्कळ इंजिनांत माथा न उतरवितांहि बदलतां येतात.

वरच्या रबराची दुरुस्ती त्या मानानें सोपी आहे, पण घाईची नाहीं. झांकण काढून कव्हरचें पॅकिंग व विहिरींचीं कडीं दोन्ही एकदमच बदलावीं. कांहीं इंजिनांत कडीं झांकणांतच पक्कीं बसविलेलीं असतात. तेथें अखंड झांकण बदलावें लागतें. जुन्या रबराचे कण पूर्ण खरवडून काढावे, मात्र ॲल्युमिनियमवर चरे पडूं देऊं नयेत. बोल्ट मधून कडेकडे, पायरीपायरीनें व गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानेंच आवळावे. गळती थांबावी म्हणून ते अधिक आवळले, तर पॅकिंग चेंगरतें आणि गळती वाढते. तेलानें फुगलेल्या टोप्याहि बदलाव्या.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. पिस्टनच्या कडेनें निसटलेला वायु इंजिनच्या खालच्या पेटींत उतरतो आणि एका लहान झडपेवाटे पुन्हां हवेच्या वाटेला लागतो. ही झडप काजळीनें चोंदली तर आंत दाब वाढतो व नवें रबरहि तेल अडवूं शकत नाहीं. पॅकिंग बदलून थोड्याच दिवसांत पुन्हां तेल आलें, तर मिस्त्रीस किंवा मालास दोष देण्यापूर्वीं ही झडप तपासावी.

गाडीच्या मालकानें हें सारें स्वतःच्या हातानें करावें असें नाहीं. परंतु तेलानें माखलेला प्लग पुढें आला, तर दोन प्रश्न त्यानें अवश्य विचारावे : प्लग काढण्यापूर्वीं विहीर कोरडी केली होती काय ? आणि तेल वरच्या टोंकाला आहे कीं खालच्या ? ह्या दोन प्रश्नांचीं सरळ उत्तरें मिळेपर्यंत इंजिन उघडण्यास संमति देऊं नये.