सायकलवाल्याला दंड होऊ शकतो का? पोलिसांनी अडवलं तर कायदा काय सांगतो

जळगावात फुले मार्केटच्या गर्दीत किंवा धुळ्यात आग्रा रोडवर एखादी सायकल उलट दिशेने येते. शिट्टी वाजते, हात आडवा होतो. पुढे काय होईल, हे बऱ्याचदा समोरच्या पोलिसावर ठरते. कोणी समज देऊन सोडतो, कोणी चाकातली हवा सोडतो, कोणी सायकल तासभर बाजूला लावायला सांगतो. दुचाकीला निदान यंत्रातून ई-चलान निघते. सायकलला नंबर प्लेटच नसते, मग यंत्रात टाकायचे काय?

प्रश्न छोटा वाटतो, पण एमआयडीसीत पाळीवर निघालेल्या कामगारासाठी तासभर अडकणे म्हणजे खाडा. शाळकरी मुलासाठी ती पोलिसांशी आयुष्यातली पहिली गाठ असते. म्हणून सायकलस्वाराला नेमका कोणता कायदा लागू होतो, ते समजून घेऊ.

सायकल 'मोटार वाहन' आहे का?

नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील व्याख्येनुसार मोटार वाहन म्हणजे यंत्रशक्तीवर चालणारे वाहन. पायडलची सायकल त्यात बसत नाही. त्यामुळे तिला लायसन्स, नोंदणी, विमा किंवा पीयूसी लागत नाही. कलम १२९ मधील हेल्मेटसक्तीही मोटारसायकलसाठी आहे. सायकलवर हेल्मेट घालणे शहाणपणाचे, पण ते नाही म्हणून या कलमाखाली दंड होऊ शकत नाही. कागदपत्रे नसलेली गाडी ताब्यात घेण्याचे कलम २०७ सुद्धा मोटार वाहनांपुरतेच आहे.

मग पोलिसांना अधिकारच नाही?

आहे, पण तो दुसऱ्या कायद्यातून येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील 'वाहन' या शब्दाच्या व्याख्येत सायकलचा स्पष्ट उल्लेख आहे. याच कायद्याच्या कलम ९९ नुसार वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवणे बंधनकारक आहे. तो मोडला आणि दोष सिद्ध झाला, तर कलम ११७ खाली दंडाची तरतूद आहे. पोलीस कर्तव्य बजावताना ज्या वाजवी सूचना देतात, त्या पाळणे कलम ६८ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. पायी चालणाऱ्यावरही आणि सायकलवाल्यावरही.

याशिवाय भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ आहे. सार्वजनिक रस्त्यावर इतरांच्या जिवाला धोका होईल असे बेदरकारपणे वाहन चालवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या कलमात 'मोटार' हा शब्द नाही, त्यामुळे सायकलही त्यात येते.

चाकातली हवा सोडणे किंवा व्हॉल्व्ह काढून घेणे ही शिक्षा मात्र यांपैकी कोणत्याही कायद्यात नाही.

सिग्नल आणि वन-वे

इथे खरा गोंधळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११९ मध्ये वाहतूक चिन्हे पाळण्याचे बंधन 'मोटार वाहनाच्या चालकावर' टाकले आहे. कलम ११५ खाली काढलेली प्रवेशबंदीही मोटार वाहनांसाठी असते. म्हणून एखादा रस्ता सायकललाही वन-वे आहे का, हे त्या रस्त्याच्या अधिसूचनेतील शब्दांवर ठरते.

सायकलसह सर्व प्रकारच्या वाहतुकीसाठी नियम करण्याचा अधिकार पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ मध्ये आहे. जळगाव आणि धुळ्यात पोलीस आयुक्तालय नाही. अशा जिल्ह्यांत या कलमातले अधिकार जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्यात वाटलेले आहेत.

पण याचा अर्थ लाल सिग्नलला सायकल दामटावी असा नाही. चौकात पोलिसाने हात दाखवला तर थांबणे बंधनकारकच आहे. सिग्नल तोडल्याने कोणाच्या जिवाला धोका झाला, तर कलम २८१ लागू शकते.

इतर देशांत याची उत्तरे वेगवेगळी आहेत. ब्रिटनमध्ये लाल सिग्नल तोडणाऱ्या सायकलस्वाराला ५० पौंडांचा दंड होतो. अमेरिकेतील आयडाहो राज्यात १९८२ पासून 'थांबा' फलकापाशी रस्ता मोकळा असेल तर सायकलस्वाराने न थांबता पुढे जाणे कायदेशीर आहे. फरक असा, की तिथे नियम लिहिलेला आहे आणि तो दोघांनाही माहीत असतो.

दिवा, डबलसीट आणि बिल्ला

घरातल्या आजोबांना विचारले तर ते सांगतील, एकेकाळी सायकलवाल्यावरही कारवाई होत असे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसले की पोलीस अडवत. नगरपालिकेचा सायकल कर भरून मिळालेला पत्र्याचा बिल्ला सायकलवर लावावा लागे. वाहनांना किती दिवे असावेत, ते कुठे आणि कोणत्या वेळेत लावावेत, हे ठरवण्याचा अधिकार कलम ३३ मध्ये आजही आहे. रस्त्यावर दुचाकी वाढल्या, बिल्ला गेला आणि दिव्याची तपासणीही मागे पडली.

हायवेवर सायकल चालते का?

साध्या राष्ट्रीय महामार्गावर सायकलला आपोआप बंदी नसते. त्यासाठी वेगळी अधिसूचना लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर सायकल नेता येत नाही.

जळगावचा प्रश्न वेगळा आहे. इथे महामार्ग शहराच्या मधूनच गेला. आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौक ही नावे जळगावकरांना अपघाताच्या बातम्यांतूनही ओळखीची आहेत. समांतर रस्त्यांसाठी नागरिकांना आंदोलन करावे लागले, ते याच कारणाने. बांभोरीकडे निघालेला विद्यार्थी किंवा कामगार ट्रकशेजारून सायकल चालवतो, कारण त्याला दुसरी वाट नसते.

केंद्राच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते.

ई-सायकल घेतली असेल तर?

मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर ती नियमानुसार मोटार वाहन ठरत नाही. दुकानात वेगमर्यादा 'उघडून' घेतली, तर तीच सायकल मोटार वाहन ठरू शकते. मग लायसन्स, नोंदणी आणि विमा हे सगळे लागते. अल्पवयीन मुलगा ती चालवताना सापडला, तर कलम १९९अ नुसार पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

नवे नियम कोण करणार?

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३८(१अ) आले. सायकल, हातगाडीसारखी विनायंत्र वाहने आणि पादचारी यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार त्याने राज्यांना दिला. कोइम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजसीकरन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करण्यास सांगितले. सोबत कलम २१०डी खालील नियमही करायला सांगितले. ते राष्ट्रीय महामार्ग सोडून इतर रस्त्यांची रचना आणि देखभाल यांच्याबद्दल आहेत.

ही जोडी महत्त्वाची आहे. पहिले कलम सायकलस्वाराने कसे वागावे हे ठरवते, दुसरे त्याला चालवायला कसा रस्ता मिळावा हे. फक्त पहिले अमलात आले, तर चौकात पावती फाडायला नवे कारण तेवढे मिळेल. दोन्ही आले, तरच उलट दिशेने येणाऱ्याला 'तुझी लेन तिकडे आहे' असे पोलिसाला सांगता येईल.

अडवले तर काय कराल?

• थांबा आणि शांतपणे बोला. सूचना वाजवी असेल तर पाळा.
• पैसे मागितले तर कोणत्या कलमाखाली, ते विचारा आणि पावती घ्या.
• सायकल ताब्यात घेतली तर लेखी नोंद मागा. चोरीचा संशय असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली ती जप्त करता येते. खरेदीची पावती आणि फ्रेम नंबरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.
• डावी बाजू सोडू नका. रात्री पुढे दिवा आणि मागे रिफ्लेक्टर हवाच.
• मोटार वाहनाने धडक दिली तर सायकलस्वार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागू शकतो. वाहन पळून गेले तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपयांची तरतूद आहे. त्यासाठी अपघाताची पोलिसांत नोंद करून घ्या.