मुझिकान्त आणि वाजंत्री

रशियन भाषेत गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाला ‘मुझिकान्त’ म्हणतात. उच्चारताना जोर शेवटच्या अक्षरावर पडतो. मोठ्या वाद्यवृंदातला व्हायोलिनवादक असो की रस्त्याच्या कोपऱ्यावर गिटार छेडणारा पोरगा, दोघांनाही हाच शब्द चालतो. आज तो अस्सल रशियन वाटतो, पण आहे पाहुणा. त्याचे मूळ ग्रीक ‘मूसिके’ या शब्दात आहे. मूसिके म्हणजे ‘मूसा’ देवतांची कला. स्मृतीच्या देवतेच्या नऊ कन्या म्हणजे या मूसा, आणि काव्य, गायन, वादन, नृत्य हे सगळे त्यांच्या अखत्यारीत येई. ग्रीकमधून हा शब्द लॅटिनमध्ये, तिथून जर्मन-पोलिश भाषांत आणि शेवटी रशियात गेला. ‘-आन्त’ हा शेपटीसारखा कर्तृवाचक प्रत्ययही लॅटिन घराण्यातला. जर्मनमधल्या ‘मुझिकान्ट’ला मात्र आज गावच्या बँडवाल्याचा वास येतो आणि प्रतिष्ठित कलावंताला ‘मुझिकर’ म्हणतात. रशियनने हा भेद उचलला नाही.

हा पाहुणा येण्याआधी रशियात वादक नव्हते असे मुळीच नाही. ‘गुस्ली’ हे तंतुवाद्य मांडीवर घेऊन वाजवणारा तो ‘गुस्ल्यार’. गावोगाव फिरून वाजवणारे, नाचणारे, सोंगे आणणारे ते ‘स्कोमोरोख’. आपल्याकडच्या बहुरूप्याला तमाशातल्या सोंगाड्याची जोड दिली, तर स्कोमोरोख थोडाफार डोळ्यांपुढे येतो. चर्चला त्यांचे वावडे होते. 1648 मध्ये झार अलेक्सेई मिखाइलोविच याने त्यांच्यावर बंदी घातली आणि त्यांची वाद्ये मोडून जाळण्याचा हुकूम काढला. जुने वादक असे हाकलले गेले, पुढे पाश्चात्त्य धाटणीचे वादक दरबारात आले, आणि त्यांच्यासोबत त्यांचे नावही रुळले. व्हायोलिनला मात्र रशियनांनी घरचेच नाव दिले. ‘स्क्रिप’ म्हणजे कुरकुर, म्हणून व्हायोलिन ती ‘स्क्रिपका’. आपले तुणतुणेही असेच स्वतःच्या आवाजावरून नाव मिळवून बसले आहे.

‘मुझिकान्त’चे मराठी भाषांतर करायला बसले की अडचण सुरू होते. ‘संगीतकार’ म्हणावे तर मराठीत तो चाली बांधणारा. त्याला रशियनमध्ये ‘कॉम्पोझितर’ हा वेगळा शब्द आहे. ‘वादक’ म्हटले तर गायक बाहेर राहतो. ‘कलाकार’ म्हटले तर नटही आत येतो. गंमत अशी की खुद्द ‘संगीत’ हा शब्द एकेकाळी मूसिकेइतकाच ऐसपैस होता. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 13व्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. गीत, वाद्य आणि नृत्य हे तिन्ही मिळून संगीत, अशी त्याची व्याख्या आहे. कला एका शब्दात मावली, पण ती करणाऱ्या माणसासाठी एक सर्वसाधारण नाव मराठीत काही रुजले नाही.

याचे कारण शब्दकोशात शोधण्यापेक्षा सांगोल्यासारख्या तालुक्यात शोधलेले बरे. माणदेशाच्या या टापूत वादकाची ओळख वाद्यावरून होते, आणि वाद्य बहुतेकदा समाजावरून. लग्नातली सनई, सूर आणि डफडे होलार समाजाकडे. हलगी मातंगांकडे. देवळातली सनई आणि चौघडा गुरवाकडे. संबळ-तुणतुणे गोंधळ्याकडे, चौंडके जोगत्याकडे. गजीनृत्याचा ढोल धनगरांचा. शेजारच्या मंगळवेढा तालुक्यात हुलजंतीला महालिंगरायाच्या यात्रेत तो दणाणतो. इतकी कामे जातवार वाटलेली असताना सगळ्यांना मिळून एक नाव कुणाला हवे होते? त्यात मानाची उतरंडही होती. बैठकीतला तो गवई, पण मांडवाबाहेर उभा राहून वाजवणारा तो नुसता वाजंत्री. ज्याच्यावाचून अक्षता पडत नाहीत, त्याचीच पंगत शेवटी बसे.

‘वाजंत्री’ या शब्दाचा उगम वाद्य आणि यंत्र यांच्या जोडीतून सांगतात. यंत्र म्हणजे साधन, ‘जंत्र’. त्याहून मोलाचे आहे ते ‘वाजणे’ हे क्रियापद. त्याच्या मुळाशी संस्कृत ‘वद्’, म्हणजे बोलणे. त्याचे प्रयोजक रूप ‘वादयति’, म्हणजे बोलायला लावतो. सनई वाजवणारा या अर्थाने सनईला बोलती करणारा ठरतो. रशियनमध्ये वाजवण्याला ‘इग्रात्’ म्हणतात, आणि खेळण्यालाही तेच. जर्मन आणि इंग्रजीतही वाजवणे हा खेळच. ‘हलगी बोलतीय बघा’ असे माणदेशात सहज म्हटले जाते, तेव्हा बोलणारा नकळत व्युत्पत्तीच सांगत असतो.

उसनवारीत मराठीही मागे नाही. ‘शाहीर’ हा मुळात अरबी ‘शाइर’, म्हणजे कवी. मराठीत तो डफ घेऊन उभा राहिला. ‘तबलजी’तला ‘जी’ आदरार्थी नव्हे. तो तुर्की ‘ची’ आहे, ‘तोपची’, ‘खजानची’मधला. हाच तुर्की प्रत्यय रशियातही पोचला आणि खजानचीला तिथे ‘कझनाचेय’ म्हणू लागले.

लग्नघरी ‘वाजाप आलं का?’ असे विचारतात, तेव्हा चौकशी वाद्यांची नसून माणसांची असते. ‘हलगी जेवली का?’ हेही कुणाला खटकत नाही. पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’च्या पाचव्या अध्यायात तात्यानाच्या घरच्या समारंभाला पलटणीचे ‘संगीत’ येणार, या बातमीने मुली हरखतात. तिथेही ‘मुझिका’ म्हणजे कर्नलने धाडलेले बँडवालेच.